वादळाची मादोन्ना आणि जूनमधली छान हवा

आमच्या गावात हवा कधी चांगली असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी रंगीत तक्ता बघून कळलं. महापौर फुल्वियो, म्हणजे माझा मावसभाऊच, शहरातून एक तज्ज्ञ घेऊन आला होता. त्यानं नगरपालिकेच्या भिंतीवर तक्ता लावला. इटलीत सुट्टीला यायचं तर मे, जून, नाहीतर सप्टेंबर. ऑगस्टमध्ये उकाडा, नोव्हेंबरात पाऊस, आणि जानेवारीसमोर नुसती लाल फुली. मी तीस वर्षं या समुद्रात मासे पकडतेय. त्या गृहस्थाला धड वल्हंसुद्धा धरता आलं नसतं.

मग फुल्वियोनं सभेत ठराव मांडला. मादोन्नाची, म्हणजे आमच्या मेरीमातेच्या मूर्तीची, मिरवणूक यापुढे एकोणीस जानेवारीऐवजी जूनच्या दुसऱ्या रविवारी.

"अरे, वादळ जूनमध्ये आलं होतं का?" मी विचारलं.

पणजोबांच्या काळी एकोणीस जानेवारीच्या वादळातून गावच्या नऊ होड्या परत आल्या, म्हणून तर ती वादळाची मादोन्ना. त्या दिवशी आठ भोई तिला खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत नेतात. पाऊस असो, हाडं गोठवणारा वारा असो, भिजायचं. नवसच तसा आहे.

"अगं नीवेस, भिजायला कोण पाहुणा येणारे?" फुल्वियो म्हणाला, सगळे फिदीफिदी हसले आणि ठराव मंजूर झाला. माझं डोकंच फिरलं.

कारण माझे बाबा, जेरोलामो, डाव्या दांडीचे पुढचे भोई. त्यांनी "उचला" असा आवाज दिल्याशिवाय मूर्ती जागची हलत नाही, अशी रीत. त्यांच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. हिवाळा काढला तर नशीब, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाबांचं एकच चाललेलं. जानेवारीत शेवटचा खांदा लावीन, आवाज देईन, आणि जागा तुझ्या हवाली करीन. मुलगा नाही तर नाही, मुलगी आहे ना. बाकीच्या सात जणांनाही ते कबूल होतं.

मी फुल्वियोच्या घरी गेले. एवढं एक वर्ष राहू दे म्हणून मेल्याला हात जोडले. मी, त्याच्यापुढे.

"काकांना जूनमध्ये खुर्चीत बसवून आणू की," तो कॉफी ढवळत म्हणाला. "उन्हात बरं वाटेल त्यांना."

एकोणीस जानेवारीला आभाळ फाटलं. चर्चला कुलूप. पाद्रीबाबा फुल्वियोच्या शब्दाबाहेर नाहीत. बाबा भोयांचा पांढरा झगा घालून दिवसभर खिडकीशी बसले, धक्क्याकडे बघत. संध्याकाळी त्यांनी तो उतरवला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"आवाज द्या ना बाबा," मी म्हटलं.

"कुणाला देऊ, पोरी?"

मार्चमध्ये ते गेले. त्या तीन शब्दांचा राग माझ्या पोटात अजून तसाच आहे. बाबांवर नाही, त्या तक्त्यावर.

जूनच्या त्या रविवारी मला जायचं नव्हतं. पण जागा बाबांची, ती सोडवेना. चौक पाहुण्यांनी भरलेला, कुणाच्या हातात आइस्क्रीम, कुणाच्या डोक्यावर नवीकोरी हॅट. फुल्वियो माइकवर सांगत होता, काय सुंदर हवा लाभलीय बघा. मादोन्ना लखलखीत उन्हात उभी. मी दांडीखाली खांदा घातला. बाकीचे सात जण वाकले. आता फक्त माझ्या आवाजाची खोटी होती.

अंगावरचा झगा कोरडाठाक होता. इतक्या वर्षांत तो मिरवणुकीत कोरडा मी कधी पाहिला नव्हता.

मी आवाज दिलाच नाही. खांदा काढला आणि सरळ उभी राहिले. माझ्या मागच्या म्हाताऱ्या ओरेस्तेनं माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंही काढला. मग एकेक करून सगळ्यांनी.

फुल्वियो माइक तिथंच टाकून धावत आला. चेहरा लालबुंद. "अगं, काय चालवलंयस हे? तीनशे माणसं खोळंबलीत. काय सांगू मी त्यांना?"

मी झग्याच्या गाठी सोडत होते.

"सांग, आज हवा बरी नाही. जानेवारीत या म्हणावं."