स्वातंत्र्यदेवीचा ठसा

राज्यात ज्या गोष्टीचा दुष्काळ, ती मोहरेवर काढायची, हा आमच्या टांकसाळीचा शिरस्ता. इजिप्तहून धान्याची जहाजं आली नाहीत की समृद्धीदेवी, हातात कणसं घेऊन. पलटणींनी एकमेकांची डोकी फोडली की एकोपादेवी. यंदाच्या सम्राटानं गादीवर बसताच अर्धं सेनेट तुरुंगात कोंबलं, तेव्हाच मी घण मारणाऱ्या दामाला म्हटलं, "बघ, आता स्वातंत्र्यदेवी येतेय."

आलीच! एका हातात दंड, दुसऱ्या हातात टोपी. गुलामाला मोकळं करतात तेव्हा त्याच्या डोक्यावर चढते तीच टोपी. आणि ती कोरणार कोण? तर मी, त्रोफिमस, सम्राटाचा गुलाम. आमचा अधिकारी व्हेतुलेनस दर वेळी गोड बोलायचा, "एवढा ठसा होऊ दे त्रोफिमस, मग तुला मोकळा केलाच म्हणून समज." असे तीन सम्राट गेले. मी आहे तिथेच.

त्याच आठवड्यात दामाचा खांदा कायमचा निकामी झाला, आणि व्हेतुलेनसनं त्याला संध्याकाळच्या आत मोकळं केलं. उगाच बसून खायला कोण घालणार? दुसऱ्या दिवशी दामा फाटकाशी आला, टोपी तिरपी घालून.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "गुणी बैलाला कधी कुणी सोडलंय का? बिनकामाचा हो, बिनकामाचा!"

मला पटलं. मी देवीची पार वाट लावली. नाक वांग्याएवढं, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, कंबर तेलाच्या रांजणासारखी. फार तर फटके बसतील, पण नंतर तरी म्हणतील, याचा हात गेला, हाकला याला.

पहिली मोहोर पडली नि व्हेतुलेनसनं ती उचलली. त्याचा चेहरा पांढराफटक! "मेलास तू," तो पुटपुटला, "आणि मलाही घेऊन मेलास." तेवढ्यात राजवाड्यातून आलेल्या नुमिसियसनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, उजेडात धरली आणि ओरडला, "आईसाहेब!"

त्यानं मोहोर आमच्या नाकापुढे नाचवली.

"अहो, थेट सम्राटांच्या आईसाहेब! तेच नाक, तोच बांधा! सम्राट खूश होतील!"

"म्हणजे काय," व्हेतुलेनस लगेच म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला, आईसाहेबांना डोळ्यांपुढे ठेव म्हणून."

मेल्यानं आईसाहेबांना कधी लांबूनही पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं म्हणा.

"यापुढे प्रत्येक ठसा हाच कोरेल," नुमिसियसनं फर्मावलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बोल रे, काय बक्षीस हवं? लाजू नकोस."

मी सरळ त्याचे पायच धरले. "मालक, दुसरं काही नको. मला स्वातंत्र्य द्या."

तो खदाखदा हसत सुटला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"अरे वेड्या, स्वातंत्र्य तर सम्राटांनी अख्ख्या रोमला दिलंय! हे बघ ना, सोन्यावर लिहिलंय. तू काय रोमच्या बाहेर राहतोस?"

व्हेतुलेनस पोट धरून हसला. भट्टीवरचे सगळे हसले. मग मलाही हसावं लागलं.