दोन ठोके

बाजारातल्या जुन्या व्यापारी इमारतीला वारशाचा दर्जा मिळाला, आणि तिच्या गॅरेजमधली गाड्यांची लिफ्ट चालवून दाखवायला म्हाताऱ्या लिफ्टवाल्याला बोलावणं गेलं. त्याच्या विधवा बहिणीलाही पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली होती. नवरा गेल्यापासून तिने भावाशी बोलणं टाकलं होतं.

तिचा नवरा खालच्या खड्ड्यात उतरून लिफ्टला ग्रीस लावायचा. बाहेर आला की खांबावर दोन ठोके द्यायचा, मगच मेव्हणा वरून लिफ्ट सोडायचा. एके दिवशी खाली कुणा बड्या आसामीने घाईघाईत गाडीची दोन दारं धाडधाड आपटली. ते ठोकेच समजून लिफ्टवाल्याने लिफ्ट सोडली, तेव्हा तिचा नवरा अजून खड्ड्यातच होता. त्या आसामीला आज ते आठवतही नसेल!

"आजोबा, ओढा की दांडा!" समारंभाला आलेले सरकारी साहेब म्हणाले. लोक मोबाइल उगारून बसले होते.

म्हाताऱ्याचा हात दांड्यावरून हलेना. "ठोके आले नाहीत अजून," तो पुटपुटला.

साहेब हसले. बहीण मात्र उठली, खांबापाशी गेली आणि तिने मुठीने दोन ठोके दिले.

"सोड, दादा," ती म्हणाली. "आता खाली मारायला कुणी उरलं नाही."