लाडूवाल्याचं खोटं

जावयाच्या घरात टीव्हीवर काय लावायचं हे सासूने सांगायचं नसतं, म्हणून सुगंधाबाई आधी नुसत्या टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. जावई आदेशला नाद लागला होता तो कार्यक्रम म्हणजे जासूस घडवायची शाळा. चांगली नोकरी-धंद्याची माणसं एका बंगल्यात आणायची, त्यांना खोटं नाव घ्यायला, पाठलाग करायला, दुसऱ्याच्या पोटातलं काढून घ्यायला शिकवायचं. पकडला गेला तो बाद. वर टाळ्या.

"असल्या गोष्टीचा कोणी खेळ करते का?" त्या लेकीला, दिव्यानीला म्हणाल्या.

तिच्या बापाला, लटारूला, पोलिसांचा खबऱ्या ठरवूनच मारलं होतं. गडचिरोलीच्या जंगलातल्या त्या गावातून जंगलवाल्यांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, त्याला घरातून नेलं, ते परत आणलंच नाही. मायलेकींनी गाव सोडलं आणि वरोरा गाठलं. इथे सुगंधाबाईंनी भेटेल त्याला ठासून सांगितलं, माझा नवरा तसा नव्हता. सगळ्यांना पटलं. पटलं नव्हतं ते फक्त त्यांना स्वतःला.

कारण मरायच्या आधी लटारू पोलीस ठाण्यापाशी दिसला होता. सुगंधाबाईंनी विचारलं तर म्हणाला, "सायकलीत हवा भराले गेलतो. तिथी पंप आहे." हवेसाठी कोणी पोलिसांच्या दारात जातं? ते उत्तर त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाही. म्हणून त्या धड रडल्याही नव्हत्या. मेलेल्या माणसावर इतकी वर्षं धुसफुसत राहिल्या, की मला सांगितलं नाहीस, पोरीचा विचार केला नाहीस.

पण त्या कार्यक्रमात एक मिठाईवाला होता. गोल पोटाचा, भाबडा. सुगंधाबाईंनी त्याचं नाव लाडूवाला ठेवलं. त्याला खोटं बोलायला सांगितलं की आधी हसू फुटायचं. नाव विचारा, हसला. गाव विचारा, हसला. एका संध्याकाळी पाठमोऱ्या सुगंधाबाईंचे खांदे हलताना दिव्यानीने पाहिले. पुढे पुढे तर त्या भाकरी लवकर उरकून टीव्हीसमोर येऊन बसू लागल्या. स्वतःचा रागही यायचा. कशाला बसते मी मेली इथे, असं मनात म्हणायच्या आणि तशाच बसून राहायच्या.

मग लाडूवाला पकडला गेला. दुपारी कुठे होतास, एवढंच मास्तरांनी विचारलं, आणि तोंड उघडायच्या आधीच गडी खुदखुदला. घरात सगळे हसले. सगळ्यात जास्त सुगंधाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना लटारू आठवला. त्याचंही असंच होतं. मोहाची पिऊन आला की "नाई पेलो" म्हणायच्या आधीच दात दिसायचे. बाजारात जिलेबी खाल्ली तरी लपवता यायची नाही. जन्मात एक खोटं त्याला सरळ तोंडाने सांगता आलं नव्हतं.

आणि पंपाचं सांगताना? तो अंगणात उकिडवा बसून सायकलची चेन पुसत होता. मान वर न करता, जरा वैतागून बोलला होता. हसला नव्हता. हवा भरायलाच गेला होता.

टीव्हीवर लाडूवाला बॅग घेऊन घरी पोचला. बायकोने दारातच त्याचा कान धरला.

"पकडल्यावर घरी पाठवतेत, जावईबापू?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"हो ना. मंग काय करतीन?" आदेश म्हणाला, आणि सासूच्या तोंडाकडे पाहून त्याने टीव्ही बंद केला.

सुगंधाबाई रडत होत्या, इतक्या वर्षांचं एकदम. दिव्यानी जवळ येऊन बसली.

"तुया बाप खबऱ्या नव्हता वो."

"मले माहीत आहे, आई. तूच तं सांगत आली सगळ्याइले."

"सांगत होती," सुगंधाबाई म्हणाल्या. "मले माहीत नव्हतं."