मंगळवारी तीन वाजता

नवीन नेट आलं आणि पेडणेकरांच्या घरात कटकट घेऊन आलं. जुन्या कंपनीचं नेट रडतखडत चालायचं, म्हणून वैभवनं ते लँडलाइनसकट बंद केलं आणि दुसऱ्या कंपनीचा राऊटर बसवला. सहा दिवस झकास चालायचा. मंगळवारी दुपारी तीन वाजले की मात्र वीस मिनिटं ठप्प! नेमका तेव्हाच पोटमाळ्यावर वैभवच्या मुलीचा, अनुजाचा, ऑनलाइन क्लास असायचा.

"आजी, लाल दिवा लागलाय का गं?" ती वरून ओरडायची.

"लालच हाय गो बाय," खालून वैभवची आई, शेवंती, सांगायची.

कस्टमर केअरच्या प्रितीनं आधी राऊटर बंद करून चालू करायला लावला, मग पासवर्ड बदलायला. मेकॅनिकनं राऊटर फ्रिजपासून लांब नेला, वायर नवीन टाकली. तरी पुढच्या मंगळवारी ये रे माझ्या मागल्या. शेवटी त्यानं कंपनीत बसून सगळी नोंद तपासली आणि वैभवला फोन केला. "साहेब, लाइन जातच नाहीये. करंट जातोय. कोणीतरी पिन काढतंय बघा."

दुपारी खालच्या खोलीत आईच असते, हे वैभवच्या ध्यानात आलं. आणि लँडलाइन निव्वळ नेटसाठी बंद केली नव्हती, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावानं, दीपकनं, घर सोडलं. मिल गेल्यापासून त्यांचे वडील, गणपत, भडकू झाले होते. सगळ्या चाळीदेखत त्यांनी तरण्याताठ्या पोराच्या कानाखाली वाजवली आणि दीपक नेसत्या कपड्यांनिशी जिना उतरून गेला. शेवंतीनं अन्न सोडलं. तेव्हा गौरी जेवायच्या दिवशी वैभवनं परळच्या पीसीओवरून घरी फोन लावला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला. "माझा दीपकच तो!" म्हणत आई त्या दिवशी दोन घास जेवली. मग काय, दर गौरीला तोच खेळ. आई रिसीव्हरला "बाळा, बाळा" करायची आणि हा पठ्ठ्या तोंडावर रुमाल धरून ऐकायचा. लाज वाटायची हो! पण थांबणार कसा? नंबरच गेला की खोटेपणाही जाईल, असा त्यानं हिशेब केला होता.

मेकॅनिकचा फोन आला त्यानंतरच्या मंगळवारी वैभव अर्धी रजा टाकून घरी आला आणि गॅलरीत उभा राहिला. तीनच्या ठोक्याला शेवंती खाटेवरून उठली. राऊटरची पिन उपसली, त्या जागी जुन्या कंपनीच्या मोडेमचा डबा लावला, त्याचा लाल दिवा पेटला, मग त्याला जुना फोन जोडला आणि रिसीव्हर कानाला लावून बसली.

वैभव आत येऊन तिच्या पायाशीच बसला. "आई, तो फोन मेलाय गं. आणि... गौरीला यायचा ना, तो दादाचा नव्हता. मी करायचो."

"माका ठाऊक होता रे झिला," शेवंती म्हणाली. "पोटच्या पोराचा श्वास आईला कळत नाही होय? तुला बरं वाटायचं, म्हणून मी बाळा बाळा करायचे."

 एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून वैभव हसायलाच लागणार होता.

"मग कशाला बसतेस गं असा मेलेला फोन घेऊन?"

"गौरीचा तुझा. मंगळवारचा तुझा नव्हता."

"दादाचा?" वैभवनं विचारलं.

"अकरा वर्षं येतोय. तुम्ही सगळे कामावर असता तेव्हा. तो बोलत नाही, मीच बोलते. मागं कुठल्यातरी शाळेची घंटा होते. अनुजा झाली ते नंतर सांगितलं त्याला. तुझे बाबा गेले ते सांगितलं, तेव्हा तिकडं रडणं ऐकलं मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू शोधायला धावला असतास. तो घाबरून करायचाच बंद झाला असता." तिनं रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळली. "फोन काढलास तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. तू म्हणालास, पोरीच्या शिक्षणाचं आहे. गप्प बसले."

वैभव तसाच उठून दादरला जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेला. काउंटरवरच्या दर्शना नावाच्या मुलीनं तीनतीनदा नंबर टाकून पाहिला. "सॉरी सर, कायमचा बंद झालाय. परत नाही मिळणार." त्यानं हात जोडले, मागच्या केबिनमधल्या साहेबांना भेटला. दोन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं, ते म्हणाले. आपल्याच हातानं आपण भावाचं दार लावून घेतलं, हे त्याला तिथं खुर्चीत बसल्यावर पुरतं कळलं.

पुढच्या मंगळवारी त्यानं पूर्ण रजा घेतली. तीन वाजता त्यानंच राऊटरची पिन काढली आणि जुना डबा लावला. वरून अनुजा ओरडली, "आजी, लाल दिवा आहे का?"

त्यानं रिसीव्हर कानाला लावला. आत काही नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही.

"दादा," तो म्हणाला, "वैभव बोलतोय रे."

शेवंतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जेवलास काय, विचार त्याला," ती म्हणाली.