बोटभर पोट

केझाया टनिक्लिफबाईचा सांधा हॅनली या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात कुणाला सापडत नसे. तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र निळ्या शाईने पातळ कागदावर उतरवायचं, तो कागद भाजलेल्या भांड्यावर बसवून ब्रशने घोटायचा, मग पाण्यात धुऊन काढायचा. कागदाचे तुकडे जिथे जुळले ती जागा दिसता कामा नये. एकतीस वर्षांत बाईने कमावलेली इस्टेट ती एवढीच.

नव्या पुलाच्या उद्घाटनाला दोनशे जग, म्हणजे चोचीचे मोठे कानवाले पेले, हवे होते. त्यांवर चित्र असं: पुलाला जमीन देणारे सर लँबर्ट बाजूने उभे, समोर नदी आणि तीन कमानींचा पूल. चित्र पत्र्यावर कोरायला कारखान्याचे मालक हॅसल यांनी लंडनहून मिस्टर सॉल्ट यांना आणलं. सॉल्टने माप घेतलं ते ओल्या जगावरून. माती भट्टीत आकसते हे हॅनलीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. लंडनला अजून बातमी पोचली नव्हती.

वरची वेलबुट्टी छाटून उंची जमली. रुंदीला मात्र कागद दोन बोटं जास्त भरला.

"बाईंनी कागद ताणलाय," सॉल्ट म्हणाला. "नुसतं चिकटवायचं काम, त्याला कसली अक्कल लागते?"

"चिकटवायला नाही लागत. माप घ्यायला लागते," केझाया म्हणाली.

मालक रडकुंडीला आले. "केझायाबाई, नवा पत्रा कोरायला सहा आठवडे, उद्घाटन बारा दिवसांवर. काहीतरी करा हो!"

केझायाने कात्री उचलली. एक बोट तिने नदीतून काढलं. नदीने तक्रार केली नाही. दुसऱ्या बोटाशी घोडं अडलं. कमान कापावी, तर गावाने तिन्ही मोजलेल्या. उरलं सर लँबर्टचं पोट. सॉल्टने ते इमानदारीने कोरलं होतं: नाकाच्या दीड बोट पुढे.

"खबरदार!" सॉल्ट ओरडला. "ते सर लँबर्ट आहेत!"

"माहितेय. अर्धं बोट ठेवतेय की त्यांना!"

मालकांनी डोळे मिटले. "सांधा दिसला तर ऑर्डर गेली. आणि तुमचं नावही, बाई."

"नाव माझंय. गेलंच तर माझ्याच हाताने जाईल."

तिने आभाळातून, पोटातून आणि गवतातून सरळ उभी पट्टी काढली आणि सांधा कोटाच्या बटणांमागे दडवला. असं दोनशे वेळा.

उद्घाटनाच्या दिवशी सर लँबर्टनी जग उचलून फिरवला. केझाया गर्दीत पुढेच उभी होती.

"ऑगस्टा, बघ गं!" त्यांनी बायकोला हाक मारली. "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला नीट पाहिलंय!"

बाईसाहेबांनी जगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि हवा छान आहे म्हणाल्या.

"कुणाचा हात हा?"

सॉल्ट मुजऱ्याला अर्धा वाकलाच होता. पण आठवडाभर तो भिंग घेऊन सांधा शोधत होता, आणि हरला होता. तो सरळ झाला. हॅट काढून म्हणाला, "कोरलं मी. बसवलं या बाईंनी. माझ्या चित्रात आपण... वेगळे होतात, सर."

"वेगळा म्हणजे?"

"जास्त होतात," केझाया म्हणाली.

मालकांना धरायला दोघं धावले. सर लँबर्टनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं, मग जगाकडे. "म्हणजे मला कापलंत? कुठे?"

"ते तुम्हीच शोधा, सर."

सर लँबर्ट शोधू लागले. पुलाची फीत कापायची तशीच राहिली. अख्खं हॅनली पुलाच्या अलीकडे अभिमानाने छाती पुढे काढून उभं होतं, आणि केझायाबाईला मुळीच घाई नव्हती.