पुराच्या शेतातलं स्वच्छ पान

मी थंड पेटी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, कण्हतेय म्हणा. माझी उजवी कडी तुटलीय, झाकण सुतळीने बांधावं लागतं आणि तळाला बोटभर भेग पडलीय. तरी मला कुणी सुट्टी देत नाही. नवीन पेटीची मागणी कधीच गेलीय म्हणतात. तो कागद कुठल्या टेबलावर झोपलाय, देव जाणे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या दोन भिंती आणि मध्ये ठासून भरलेला फेस, एवढंच माझं शरीर. दुकानात आले तेव्हा माझ्या अंगावर एक चित्र चिकटवलेलं होतं. त्यात एक कुटुंब नदीकाठी बसून सरबत पीत होतं. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. नदीकाठी गेले खरी, पुष्कळदा गेले. पण सरबत काही नशिबात नव्हतं.

मला विकत घेतलं एका प्रयोगशाळेने. पहिल्याच दिवशी ते चित्र पात्याने खरवडून काढलं आणि त्या जागी लिहिलं, ‘नमुने. खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.’ एकदा गाडीच्या चालकाने आपला जेवणाचा डबा गुपचूप माझ्यात ठेवला होता. त्या दिवशी त्याने जी बोलणी खाल्ली, त्यावर त्याचं पोट भरलं असावं.

माझं काम सांगायला सोपं आहे. शेतातला पाला, काकडी, मुळा असं जे कच्चं खातात ते पोटात घ्यायचं आणि प्रयोगशाळेपर्यंत गार ठेवायचं. पेटी तापली तर वाटेतच जंतू वाढतात आणि शेतात नव्हते तेवढे दिसतात. नमुना गोठला तर ते मरतात आणि होते तेवढे दिसत नाहीत. म्हणजे ना इकडे कलायचं, ना तिकडे. उन्हात उभ्या गाडीत चार तास हे जमवून बघा, म्हणजे मी का कण्हते ते कळेल.

नमुने घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला चालकसुद्धा. कामाला फार काटेकोर. दर वाफ्याला नवे हातमोजे, पाच वेगवेगळ्या जागांहून पानं, तीही जमिनीलगतची, आणि पिशवीच्या आत कुणाचं बोट जाऊ द्यायचं नाही. शेताचा मालक मदतीला पुढे आला की त्या म्हणायच्या, “तुम्ही फक्त उभे राहा. तुमचं शेत आहे, पण नमुना माझा आहे.” मालकाला राग यायचा. मला मात्र अशी शिस्त आवडायची.

यंदा नदी तीन दिवस शिवारभर हिंडली. गटारं, गोठे, उकिरडे, वाहून आलेल्या मेलेल्या कोंबड्या, सगळ्यांची विचारपूस करून ती भाजीच्या शेतात शिरली. पाणी ओसरल्यावर चार दिवसांत पानं पुन्हा तरारली आणि लोक म्हणायला लागले, “ताई, बघा की, पान हिरवंगार आहे. काय होतंय त्याला?”

“भाजी शिजवलीत तर आग तिचं काम करते,” ताई सांगायच्या. “हे पान तुम्ही कच्चं खाता. ते आणि तुमचं पोट, मध्ये कुणी नाही.”

त्यांची एक वही होती. पाणी किती वेळ थांबलं, पानापर्यंत चढलं का, ओसरून किती दिवस झाले, वरच्या अंगाला गोठा आहे की गटार, माल कोण खाणार. या उत्तरांवरून त्या शेताचा धोका ठरवायच्या आणि पानाच्या कोपऱ्यात लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका द्यायच्या. पण ठिपका म्हणजे अंदाज. शेवटचा शब्द नमुन्याचा.

असे अठरा दिवस चालले. ताईंचे बूट वाळेनात. घरून लेकीचा फोन यायचा, “आई, आज तरी जेवायला येशील का?” आणि ताई म्हणायच्या, “तू झाकून ठेव गं.” माझ्या बर्फाच्या विटा तरी रोज फ्रीजमध्ये आराम करायच्या. ताईंना तेवढंही नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी आम्ही एका लेट्यूसच्या, म्हणजे सॅलडच्या पानांच्या, शेतावर गेलो. दिवसभरातलं ते अकरावं शेत. मालकाला सगळा परिसर सॅलडदादा म्हणायचा. त्याची पानं पुलापलीकडच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जायची. ताईंनी वहीत ‘माल कोण खाणार’च्या पुढे लिहिलं, ‘रुग्ण, बाळंतिणी’ आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

“पाणी एक रात्रच होतं हो,” दादा म्हणाला. “वरचे वाफे तर कोरडेच राहिले म्हणा ना. एवढं पीक हातचं गेलं तर हॉस्पिटलवाले दुसरा माणूस बघतील. बारा वर्षं माल देतोय, या पुरापर्यंत एक दिवस खाडा नव्हता.”

ताई हातमोजे शोधायला वाकल्या आणि तशाच गाडीच्या पायरीवर टेकल्या. तेवढ्यात दादाची आई बाहेर आली. साठीची, चटपटीत बाई. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात टोपली.

“बसा हो, किती दमलात! आधी पाणी प्या. आणि आता चिखलात उतरू नका. तुम्ही येणार म्हणून पानं मी काढूनच ठेवलीत.”

ताई पाणी प्यायल्या. त्यांनी टोपलीकडे बघितलं, शेताकडे बघितलं. मी आतून ओरडत होते, पण पेटीचं कोण ऐकतं? त्यांनी टोपलीतली पानं चिमट्याने उचलून पिशवीत भरली, चिठ्ठी लावली आणि म्हणाल्या, “बरं झालं, मावशी.” एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच नमुना त्यांनी स्वतः तोडला नव्हता.

ती पिशवी माझ्या पोटात आली आणि मला ओळखू येईना. बाकीच्या दहा पिशव्यांच्या तळाशी गाळ होता, हिच्या तळाशी नितळ पाणी. पानं आतली, कोवळी, गोरी. इतक्या वर्षांत पुरातून आलेला इतका देखणा पाहुणा मी पाहिला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात पाल चुकचुकली.

तीन दिवसांनी, नमुन्यांतले जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशा उघडल्या. दहा शेतांच्या बशांवर जंतूंचे ठिपके दाटलेले, अकराव्याची बशी कोरी. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई म्हणतात त्यांना, त्यांनी परवानगीच्या पत्रावर सही केली. दादाला फोन गेला. फोनमधून त्याचा हसण्याचा आवाज शेल्फाखाली बसलेल्या मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई प्रत्येक नमुन्यातला राखून ठेवलेला अर्धा भाग टाकून द्यायला माझ्यात भरत होत्या. एक एक पिशवी उचलायची, चिठ्ठी वाचायची, वहीत खूण करायची. अकरावी पिशवी उचलली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी ती उजेडात धरली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली. शेजारी दहावी पिशवी धरली. मग त्या स्टुलावर बसल्या.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? कागद स्वच्छ, सही झालेली, दादा खूश. माझ्याशिवाय साक्षीदार नाही आणि मी मुकी. पण ताई उठल्या आणि मोठ्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अकरावा नमुना मी तोडलेला नाही. त्यांच्या घरातून टोपलीत आला, धुतलेला वाटतोय. मी विचारलंही नाही.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “अगं, पत्र गेलं. आता खाजवून खरूज कशाला काढतेस? तुझ्यावरच येईल ते.”

“येऊ दे. हॉस्पिटलात जायचाय तो माल.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, “पेटीत बर्फ भर आणि नीघ.”

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात टेम्पो उभा होता आणि हॉस्पिटलची पुरानंतरची पहिली खेप भरत होती. गडबडीत चालकाने मला धाडकन खाली ठेवलं. माझी कडी तुटली ती तेव्हाच. ताईंना बघून मावशी हसतच पुढे आली.

“मावशी, त्या दिवशीची पानं धुतली होती का?”

“म्हणजे काय! तीन पाण्यांनी धुतली. नातवासाठी उकळून गार केलेलं पाणी होतं ना, त्यानं. वरची पानं शेळीला टाकली, आतली तेवढी काढली. तपासायला आलेल्या माणसांच्या हातात चिखल कसा द्यायचा?” मावशीने मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि मग ताईंचा आणि दादाचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. “का हो? काय चुकलं?”

दादाच्या हातातलं क्रेट तसंच राहिलं. “तुमचंच पत्र आहे माझ्याकडे,” तो ताईंना म्हणाला. “तुमच्याच सहीशिक्क्याचं. आता काय, आईनं धुतलं म्हणून मी नापास?”

“तुम्ही नाही, मी नापास. तोडायचं माझं काम होतं. पण दादा, ही खेप जाऊ देऊ नका.”

“मग सगळाच माल तसा धुऊन देतो!”

“एवढ्या वाफ्यांची वरची पानं काढून, उकळलेल्या पाण्याने तीनदा धुणार? आणि देठाच्या बेचक्यात बसलंय ते धुण्याने कमी होतं, जातंच असं नाही. तिथे ऑपरेशन झालेली माणसं आहेत, कालपरवा बाळंत झालेल्या पोरी आहेत.”

दादाने क्रेट खाली ठेवलं. ताई चिखलात उतरल्या, पाच जागांहून पानं तोडली, जमिनीलगतची, आणि वरच्या वाफ्याची वेगळ्या पिशवीत. चालकाने कमरेचा पट्टा काढून माझं झाकण आवळलं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मला मांडीवर घेऊन बसावं तसा एक हात माझ्यावर ठेवून गाडी चालवली.

तीन दिवसांनी बशी ठिपक्यांनी भरून आली. वरच्या वाफ्याचीसुद्धा.

निरोप फोनवर देता आला असता, पण ताई स्वतः गेल्या. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “हॉस्पिटलात कुणी खाल्लं नाही ना?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि खाली बसला. संध्याकाळी त्याने उभ्या पिकात नांगर घातला. हॉस्पिटलने खरोखरच दुसरा माणूस बघितला. चांगुलपणाचं फळ लगेच मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं वय झालंय, खोटं बोलवत नाही.

काही महिन्यांनी दादाच्या शेतात नवीन पीक उभं राहिलं. तपासणीत माल स्वच्छ निघाला तर हॉस्पिटल पुन्हा विचार करणार होतं. आम्ही गेलो. दादा बांधावर उभा होता. मावशीही होती, पण जवळ आली नाही. लांब, दाराशी, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी.

“मी कशाला हात लावलेला नाही हो, ताई,” तिने तिथूनच सांगितलं. “विचारा ह्याला. सकाळपासून शेताकडे फिरकलेसुद्धा नाही.”

आल्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय जिला राहवत नव्हतं, ती बाई आपलेच हात लपवून उभी होती. मला फार वाईट वाटलं. पाणीही विचारलं नाही तिने.

ताईंनी पाच जागांहून पानं तोडली, पिशवी बांधली, मला सुतळीने आवळलं. मग हातमोजे काढले आणि अंगण ओलांडून सरळ मावशीपाशी गेल्या.

“मावशी, घसा सुकलाय. पाणी द्याल ना?”

मावशी बघतच राहिली. हात सुटले. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. ताई तिथेच, दारात बसून, सगळा तांब्या प्यायल्या.

त्या दिवशीची बशी कोरी निघाली आणि हॉस्पिटलचा टेम्पो पुन्हा त्या अंगणात लागला. माझी भेग मात्र वाढतेय, आणि गारवा फार वेळ धरवत नाही. नवीन पेटी येईल तेव्हा मी अडगळीत जाईन आणि खरं सांगते, रडणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: दारात दमलेलं माणूस आलं तर त्याला पाणी जरूर द्या, पण त्याचं काम मात्र त्याचं त्यालाच करू द्या.