परत बसलीच कशाला?

आमच्या ह्यांनी विमान जवळून पाहिलं ते एकदाच, तेही लोहगाव विमानतळाच्या कुंपणाबाहेरून. तरी विमान कसं पडतं यावर ते व्याख्यान देत. कोथरूडला केबल आली आणि ह्यांना विमान-अपघातांच्या इंग्रजी सिनेमांचं वेड लागलं. एका सिनेमाचे तर तीन भाग: पहिल्या भागात वैमानिकाला झटका येई, दुसऱ्यात इंजिन पेटे, तिसऱ्यात दरवाजाच उडे. तिन्ही भागांत बाई तीच. "दोनदा वाचली ना? मग परत बसलीच कशाला?" हे टीव्हीला विचारत. "अक्कल गहाण ठेवलीय!"

आमची एकुलती एक दीपमाला आणि जावई, दोघं कॉम्प्युटरवाले, अमेरिकेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज; पण आता माहेरालाच विमानात बसून जावं लागतं. सोसायटीतल्या किती जणी डिंकाचे लाडू घेऊन तिकडे जाऊन आल्या होत्या. दीपमालाला दिवस गेले तेव्हा तिनं आम्हाला बोलावलं. हे नाही म्हणाले. मी एकटी जाते म्हटलं, तर म्हणे, "मेलो तर दोघं बरोबर मरू." आणि बरोबर यायची तयारी नाही! तिची सासू लग्नाआधीच वारलेली, जवळ बाईमाणूस कोणी नाही. बाळ मेलेलंच जन्मलं. "आई, तू हवी होतीस," एवढंच ती फोनवर म्हणाली. तेव्हा ह्यांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यातच सगळं संपलं. तेव्हाही आम्ही इथेच, टीव्हीसमोर.

तिसऱ्यांदा गोड बातमी आली तेव्हा ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "पोरगी परत विमानात बसली गं. आता आपणही बसू." केबल काढून टाकली. व्हिसासाठी मुंबईला जाऊन आलो. डिंक, खारीक ह्यांनी स्वतः मंडईतून आणली. लाडू वळताना मी कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणलं.

निघायला आठवडा राहिला होता. हे स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान काढत होते, तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. ह्यांनाही लेकीचा आवाज ऐकू यावा म्हणून मी स्पीकरचं बटण दाबलं. सातवा महिना चालू होता तिला.

"आई, बाळ गेलं गं," दीपमाला अगदी हळू म्हणाली. "रक्त थांबेना. शेवटी पिशवी काढली."

माळ्यात डोकं घातलेल्या ह्यांना शेवटचे दोनच शब्द ऐकू आले.

"अगं, आम्हीपण काढली!" हे वरूनच आनंदानं ओरडले. "मोठी, निळी! सगळे लाडू मावतात बघ!"

मग ती म्हणाली, "बाबा, आता कशाला येताय?"

हे खाली उतरले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कोणती पिशवी, ते मी सांगितलं. ती निळी पिशवी छातीशी धरून हे जमिनीवरच बसले.

"आम्ही येतोय म्हणून सांग तिला," ते म्हणाले.

फोन तिनं केव्हाच ठेवला होता.